एका फोटोला वीस आकडे

"छायाचित्र म्हणजे माणसाने मृत्यूवर मिळवलेला पहिला विजय," असं मी वहिनींच्या जेवणाच्या टेबलावर स्कॅनर ठेवता ठेवता म्हणालो. चाळीस वर्षं वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहिलेल्या माणसाला निवृत्तीनंतर अशी वाक्यं सुचायला लागतात. वाक्य संपवून मी वायर हातात घेतली, तेव्हा लक्षात आलं की तिच्या टोकाला तीन जाड पिना आहेत आणि आप्पांच्या घरात तीन जाड पिनांचं सॉकेट एकच आहे. त्यात फ्रिज लावलेला होता.

"फ्रिज बंद केला तर दूध नासेल हो, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "किती वेळ लागेल तुमच्या विजयाला?"

दोन तास, असं मी सांगितलं. त्यांनी फ्रिजमधलं दूध काढून तापवलं, मग दह्याचं भांडं गार पाण्यात ठेवलं, मग कोथिंबीर ओल्या फडक्यात गुंडाळली. मृत्यूला तोपर्यंत बाहेर थांबावं लागलं.

ही बार्शीतली गोष्ट, दोन हजार नऊ सालच्या मार्चमधली. आप्पा माझे थोरले भाऊ, पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. वडील लवकर गेले, त्यामुळे माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर सही आप्पांचीच असे, आणि मी त्यांना अहो-जाहो करत असे. कुमुदवहिनी त्यांच्या पत्नी. त्या दिवशी घरात आम्ही तिघेच होतो. त्या तिघांतला आता मी एकटा उरलोय, तेव्हा माझी साक्ष खोडून काढायला कोणी नाही. विनोदी लेखकाला इतकं मोकळं रान मिळालं की तो थापा मारतो. या बाबतीत मला ते जमलेलं नाही.

मी पुण्याहून एस.टी.ने स्कॅनर मांडीवर घेऊन आलो होतो, कारण वहिनींनी फोन करून बोलावलं होतं. त्यांनी आजवर माझ्याकडे काहीच मागितलं नव्हतं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू होता. दिसणं कडेकडेनं कमी होत जाईल, गेलेलं परत यायचं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आता त्यांना वाटीएवढंच जग दिसत होतं.

"आहे तेवढ्यात शिरूचं तोंड एकदा मोठं करून बघायचंय," त्या फोनवर म्हणाल्या. "तुमच्याकडे त्याचं यंत्र आहे म्हणे."

शिरू म्हणजे शिरीष, त्यांचा मुलगा. लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेला, एकुलता. एक्क्याऐंशीच्या श्रावणात मेंदूज्वराने तीन दिवसांत गेला. सहा वर्षांचा होता.

बारशाच्या वेळी स्टुडिओत काढलेला त्याचा एक फोटो होता, पण त्यात तो कुठल्याही बाळासारखा दिसे. बाकीचे सगळे फोटो एकाच दुपारचे. तो गेला त्याच वर्षी मे महिन्यात वहिनींचा भाऊ श्रीधर मस्कतहून झटपट फोटोचा कॅमेरा घेऊन आला होता. बटण दाबलं की पुढच्या फटीतून पांढऱ्या चौकटीचा जाड कागद बाहेर येई आणि बघता बघता त्यावर चित्र उमटे. निगेटिव्ह नाही, त्यामुळे दुसरी प्रतही नाही. पाकिटात दहा फोटो. श्रीधरचा हात फोटोग्राफीत नवा होता. एक फोटो त्याने स्वतःच्या अंगठ्याचा काढला, एक शेजारच्या शेळीचा आणि एक माईचा, म्हणजे आमच्या आईचा, जिने ऐन वेळी तोंडावर पदर घेतला. उरलेले सात शिरूचे. वहिनींनी त्या सातांच्या खालच्या पांढऱ्या पट्टीवर बॉलपेनने एक ते सात आकडे घातले होते.

हे फोटो उजेडाने उडतात, असं श्रीधरनेच नंतर पत्रातून कळवलं. तो सहज लिहून गेला. वहिनींनी मात्र ते मनावर घेतलं. फोटो जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले आणि डबा कपाटाच्या खालच्या खणात. वर्षातून एकदा, श्रावणात, त्याच्या तिथीला त्या डबा उघडत. दार लावून, पडदा ओढून. एका फोटोला मनातल्या मनात वीस आकडे मोजायचे, की तो पालथा घालून पुढचा. जितकं बघावं तितका तो उडणार, म्हणून बघणंच पुरवून वापरायचं. लोकांच्या काटकसरीवर मी आयुष्यभर विनोद केले. या काटकसरीवर एक ओळ कधी सुचली नाही.

सुरुवातीला सात फोटोंचे एकशेचाळीस आकडे होत. चौऱ्याण्णव सालापासून एकशेवीसच होत होते, कारण सातवा फोटो डब्यातून गेला होता.

तो कुणी नेला, याबद्दल वहिनींच्या मनात शंका नव्हती. माईचं आधीपासून एकच म्हणणं होतं, की गेलेल्या पोराचे फोटो जपून ठेवू नयेत, त्याचा पाय निघत नाही, वाहत्या पाण्यात सोडून द्यावेत. हे ती रागाने म्हणत नसे. नातू तिचाही होता. आणि त्र्याण्णवच्या मार्गशीर्षात माई शेजारच्या बायकांबरोबर नाशिकला जाऊन आली होती. पुढच्या श्रावणात वहिनींनी डबा उघडला तर सहाच फोटो. त्यांनी माईला एकदा विचारलं. माई म्हणाली, मी हात लावला नाही. वहिनींनी पुन्हा विचारलं नाही, आणि माईकडे पुन्हा नीट पाहिलंही नाही. माईची औषधं, अंघोळीचं पाणी, संध्याकाळची मऊ खिचडी, यात सात वर्षांत एक दिवस खंड पडला नाही. पण कपाटाची किल्ली तेव्हापासून वहिनींच्या कमरेला आली.

दोन हजार एक साली माई गेली तेव्हा मी तिच्या पायाशी बसलो होतो आणि आप्पा दारात उभे होते. तिने वहिनींचा हात धरला आणि म्हणाली, "मी नाही घेतला गं, कुमुद." वहिनी म्हणाल्या, "असू दे, माई. पाणी घ्या." आणि चमचा आणायला त्यांनी हात सोडवून घेतला. चमचा येईपर्यंत माई थांबली नाही.

असो. दूध तापलं, फ्रिज बंद झाला, स्कॅनरचा दिवा लागला.

आप्पा खिडकीपाशी आरामखुर्चीत पेपर उघडून बसले होते. टेबलाकडे त्यांनी पाठ केली होती. त्यांचा एक काळ असा होता की अशा कामात ते सगळ्यात पुढे असते. घरातल्या वस्तू टिकवणं हा त्यांचा छंद. नव्वदच्या सुमारास बार्शीत लॅमिनेशन आलं आणि आप्पांना जगण्याचं प्रयोजन सापडलं. रेशनकार्ड, मॅट्रिकचं सर्टिफिकेट, देवीच्या लशीचा दाखला, एस.टी.चं वेळापत्रक, गणपतीच्या आरत्यांचा कागद, सगळं त्यांनी प्लास्टिकमध्ये बंद करून आणलं. त्यावर मी एक लेख लिहिला होता. त्यात म्हटलं होतं की एखाद्या दिवशी आमचे बंधू वहिनींनाही लॅमिनेट करून आणतील. लेख गाजला. आप्पांनी त्याचं कात्रण लॅमिनेट करून मला पोस्टाने पाठवलं.

पुढे त्यांनी हा नाद एकाएकी सोडला. मी तो माझ्या लेखाचा परिणाम समजत असे. विनोदाने माणूस सुधारतो याचा पुरावा म्हणून मी कित्येक व्याख्यानांत आप्पांचं उदाहरण दिलेलं आहे.

वहिनींनी डबा आणून टेबलावर ठेवला, पण उघडला नाही.

"त्या दिव्याने किती उडेल?" त्यांनी विचारलं.

"एका वेळच्या बघण्याइतकं," मी अंदाजाने सांगितलं.

"मग यंदाचं श्रावणातलं बघणं आज झालं, असं धरते," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी झाकण काढलं.

हे फोटो नुसते काचेवर ठेवून चालत नाही. त्यांचं वरचं गुळगुळीत प्लास्टिक काचेला चिकटलं की पाण्यावर तेल सांडल्यासारखी इंद्रधनुषी कडी उमटतात. म्हणून मी एका लग्नपत्रिकेच्या जाड कागदाच्या बारीक पट्ट्या कापून आणल्या होत्या. काचेवर त्या पट्ट्यांची चौकट मांडायची, तिच्यावर फोटोच्या कडा टेकवायच्या, म्हणजे फोटो काचेपासून केसभर वर राहतो. कुणाच्या तरी लग्नाचं आग्रहाचं निमंत्रण असं शिरूच्या चारी बाजूंना बसलं होतं. पहिला फोटो मी ठेवला. दुसऱ्यापासून वहिनी स्वतःच ठेवायला लागल्या. बोटांनी कड चाचपून नेमका ठेवत, वरून झाकण असं अलगद लावत की जणू पोराच्या अंगावर पांघरूण घालतायत, आणि म्हणत, "हं, करा."

मग लॅपटॉपच्या पडद्यावर फोटो वरून खाली हळूहळू उतरे. आधी वरची पांढरी चौकट, मग अंगणावरचं आभाळ, मग पत्र्याची कड, मग केस. वहिनी पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ बसल्या होत्या. त्यांना पूर्ण चित्र एकदम दिसत नव्हतं. मान हलवत हलवत त्या ते तुकड्यातुकड्याने गोळा करत होत्या.

रंग बरेच उडाले होते. सगळं चहा सांडल्यासारखं पिवळट. मी रंग सुधारण्याचं बटण दाबलं, तर यंत्राने शिरूला गोरापान करून टाकलं.

"हा कोण?" वहिनी म्हणाल्या.

मी बटण परत दाबून त्याला सावळा केला.

तर, ते सहा फोटो. पहिल्यात तो पळत होता, त्यामुळे नुसता एक शर्टाचा फराटा. दुसऱ्यात पाठमोरा. तिसऱ्यात तो दूध पीत होता आणि पेल्याने सगळा चेहरा झाकला होता. चौथा घरातल्या सर्वांचा, आणि श्रीधरने त्यात मोठी माणसं नीट बसवण्याच्या नादात शिरूचं डोकं कपाळापासून वर कापलं होतं. पाचव्यात तो श्रीधरच्या सुटकेसच्या आड. सहाव्यात तोंड या बाजूला होतं, पण नेमका शिंकत होता. इतके मोठे करून पाहिल्यावर त्यांतून पुष्कळ काही मिळालं. कोपरावरची खपली मिळाली. चपलेचा उलटा लावलेला पट्टा मिळाला. "मी रोज सांगायची, रोज उलटाच लावायचा," वहिनी म्हणाल्या. सुटकेसच्या कडीवर टेकलेली चार बोटं मिळाली. तोंड मात्र मिळेना. मी पेल्यामागचा डोळा मोठा केला, शिंकेतली हनुवटी मोठी केली, आणि शेवटी पडद्यावर नुसते रंगीत चौकोन उरले तेव्हा थांबलो.

वहिनी मागे सरकून बसल्या. चष्मा काढून पदराने पुसला, पण पुन्हा लावला नाही.

"सातव्यात समोर बघत होता," त्या म्हणाल्या. "पुढचे दोन दात पडलेले. कॅमेऱ्यात काय आहे दाखव, म्हणून श्रीधरकडे हात पसरत आला होता, तेवढ्यात ह्याने बटण दाबलं. तोंडभर हसणं होतं."

हे वर्णन मी आधीही ऐकलं होतं. हल्ली त्यात दातांनंतर वहिनींना थोडं थांबायला लागत होतं, आठवायला.

"माईंनी तेवढा एक ठेवायचा," त्या म्हणाल्या. यात राग नव्हता. पंधरा वर्षांत राग झिजतो, नुसतं वाक्य राहतं. मग भात लावायला म्हणून त्या उठल्या आणि भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेल्या.

आप्पांनी पेपर मिटला. इतका वेळ त्यांनी एक पान उलटलं नव्हतं. ते आतल्या खोलीत गेले आणि विजेच्या बिलांची फाईल घेऊन बाहेर आले. मला वाटलं, स्कॅनरला किती वीज लागते ते विचारणार. त्यांनी एकोणीसशे त्र्याण्णवच्या बिलांमधून एक चौकोनी तुकडा काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"मुकुंदा," ते हलक्या आवाजात म्हणाले, "यातून काही निघतं का बघ."

तो झटपट फोटो होता आणि तो लॅमिनेट केलेला होता. आतलं सगळं उकळून आलेलं दिसत होतं. मधोमध करपलेल्या सायीसारखा तपकिरी ढग, त्यात बुडबुडे, कडेला पिवळे डाग. माणूस कुठेच नव्हता. खालची पांढरी पट्टी मात्र स्वच्छ होती आणि तिच्यावर वहिनींच्या अक्षरात सातचा आकडा होता. तेवढा लॅमिनेशनने उत्तम टिकवला होता.

मग आप्पांनी सांगितलं. फोटो उडत चाललेत, आणि ही वर्षातून एकदाच बघते, तेही घाबरत घाबरत, हे त्यांच्याने पाहवत नव्हतं. एक तरी फोटो असा करावा की तो भिंतीवर लावता येईल, रोज बघता येईल. म्हणून त्यातला सगळ्यात चांगला त्यांनी निवडला. माई नाशिकला गेली होती, वहिनी दळण आणायला. कचेरीसमोरच्या टपरीवर नेला. टपरीवाला म्हणाला, साहेब, जाड आहे, एकदा घालून चिकटणार नाही. आप्पांनी सांगितलं, दोनदा घाल. तापलेल्या रुळांमधून तो दोनदा गेला.

"गरम होता तोवर पांढराफटक दिसत होता," आप्पा म्हणाले. "मला वाटलं, हे फोटो आपोआप उमटतात ना. श्रीधरने काढला तेव्हाही आधी पांढराच होता. म्हणून मी तिथल्या बाकावर वाट बघत बसलो."

"किती वेळ?"

"टपरी बंद होईपर्यंत."

माझ्या व्याख्यानांतला तो पुरावा असा माझ्यासमोर टेबलावर पडला होता.

मी त्यांना म्हणालो की पंधरा वर्षं झाली, आता वहिनींना सांगून टाका. त्यांनी मान हलवली. आधी काही निघतंय का बघ, म्हणाले. निघालं तर सांगू, श्रीधरकडे एक प्रत होती. मी म्हणालो, या फोटोला दुसरी प्रत नसते आणि ते तुमच्यापेक्षा वहिनींना जास्त ठाऊक आहे.

"मग दुसरं काहीतरी रच," आप्पा म्हणाले. "चाळीस वर्षं तेच केलंस ना?"

मी तो तुकडा काचेवर ठेवला. पट्ट्यांची गरज नव्हती, आता चिकटण्यासारखं त्यात काही राहिलं नव्हतं. झाकण लावून दिवा फिरवला. पडद्यावर तपकिरी ढग उतरला. मी जेवढी म्हणून बटणं ठाऊक होती तेवढी दाबली. उजेड वाढवला, काळोख वाढवला, लाल काढला, निळा काढला. आप्पा माझ्या खुर्चीची पाठ धरून उभे होते आणि प्रत्येक बटणाला त्यांचा श्वास थांबत होता. मी चेहरा असायला हवा होता तिथेच शोधत होतो, म्हणून वेळ लागला. अखेर खालच्या कोपऱ्यात, जिथे उष्णता जरा कमी पोचली असावी, तिथे काहीतरी आलं. तीन बोटं. समोर पसरलेली, आखूड, मधल्या नखात माती.

मी रचायला लागलोही होतो. श्रीधरला मध्यस्थीला घ्यायचं, मस्कतला एखादा जुना अल्बम सापडवायचा, असं काहीतरी. सदराचा मजकूर वेळेवर देणाऱ्या माणसाला हे जड नसतं. तेवढ्यात वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. कुकर चढवून झाला होता. सहावा फोटो अजून यंत्रातच राहिलाय, या समजुतीने त्या सरळ टेबलाशी आल्या आणि त्यांनी झाकण उघडलं.

बोटांना कड लागली तेव्हाच त्या थांबल्या. ही कड वेगळी होती. त्यांनी तो तुकडा उचलला, चष्मा लावला आणि डोळ्यांपुढे धरला. मधल्या ढगावरून त्यांची मान दोनदा फिरली. मग खाली आली, सातच्या आकड्याशी.

ओठ हलायला लागले. मला आधी वाटलं, काही बोलतायत. त्या मोजत होत्या. वीस झाले असतील. त्या थांबल्या नाहीत.

"हे कुठं होतं?" त्यांनी विचारलं, आकडे कुठे संपले ते कळलं नाही.

"माझ्याकडे," आप्पा म्हणाले.

"कधीपासून?"

"त्र्याण्णव."

वहिनींनी पडद्याकडे पाहिलं. तीन बोटं तिथे मोठी होऊन थांबली होती. त्यांना ती दिसली की नाही कळेना, कारण त्यांची नजर तिथून लगेच निघाली आणि बैठकीच्या भिंतीवरच्या माईच्या फोटोवर गेली. तिथेही सगळं एकदम दिसत नसणार. आधी कपाळ, मग नाक, मग हनुवटी, असं त्या बघत राहिल्या.

"माईंना माहीत होतं?"

मला वाटलं आप्पा नाही म्हणतील. म्हणायला काही हरकत नव्हती. वहिनींना किंवा मला कधी कळलं नसतं.

"हो," आप्पा म्हणाले.

"कधी सांगितलंत?"

"तू तिला विचारलंस, त्याच दिवशी. मी म्हणालो, मी सांगतो कुमुदला. ती म्हणाली, नको."

"का?"

आप्पांनी टेबलावरच्या लग्नपत्रिकेच्या पट्ट्या गोळा केल्या, एकावर एक ठेवल्या, पुन्हा पसरल्या. मग खाली बघत, माई बोलायची तसं, सावकाश म्हणाले, "म्हणाली, माझ्याशी नाही बोलली तर मला जप आहे. तुझ्याशी नाही बोलली तर तुला काय आहे?"

स्वयंपाकघरात कुकरची पहिली शिट्टी झाली. दुसरी झाली. वहिनी भाताच्या शिट्ट्या कधी चुकवत नसत, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. तिसऱ्या शिट्टीला मीच उठून गॅस बंद करून आलो. परत आलो तेव्हा त्या माईच्या फोटोखाली उभ्या होत्या आणि पदराचं टोक काचेवरून फिरवत होत्या. काच स्वच्छच होती, त्या रोज पुसत. उजवीकडून डावीकडे, मग डावीकडून उजवीकडे, पुष्कळ वेळ. आप्पा पट्ट्या लावत होते. मी लॅपटॉप बंद करावा की नाही, हे न कळून नुसता त्याच्यासमोर बसलो होतो. पडद्यावरची तीन बोटं थोड्या वेळाने आपोआप विझली.

काही वेळाने वहिनी आत गेल्या. ताटं मांडल्याचा आवाज आला. तीन मांडली, मी कान देऊन मोजली. मग त्या दारात आल्या. आप्पा त्यांच्यापासून दोन हातांवर बसले होते आणि मान वर करून त्यांच्याकडे बघत होते. वहिनींनी माझ्याकडे तोंड केलं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "जरा ह्यांना विचारा, भातावर ताक घेणार की आमटी."